नाट्यपदाचे रंगपीठावरील स्थान : संगीत नाटकाच्या प्रयोगपद्धतीतील स्थित्यंतरे

१

मराठी संगीत नाटकाचा विचार आजवर बहुधा तीन अंगांनी झाला आहे : नाटककाराची रचना, पदांच्या चाली आणि गायक नटाचे सामर्थ्य. ही तिन्ही अंगे महत्त्वाची आहेत, यात संशय नाही. परंतु पद रंगपीठावर प्रत्यक्ष कसे उभे केले जाते, हे चौथे अंग त्या मानाने उपेक्षित राहिले आहे. त्यामुळे एक समज दृढ झाला आहे. संगीत नाटकाची म्हणून एक 'परंपरागत' प्रयोगपद्धती होती, ती किर्लोस्करांपासून बालगंधर्वांपर्यंत अखंड चालत आली आणि पुढे तिचा ऱ्हास झाला, असे सामान्यतः मानले जाते. जुने संगीत नाटक आज पुन्हा रंगभूमीवर आणू पाहणारा विद्यार्थी हाच समज गृहीत धरून चालतो, आणि तेथेच त्याची फसगत होते.

प्रयोगपद्धतीची परीक्षा तीन प्रश्नांनी करता येते. पद कोण म्हणतो? ते कोणाला उद्देशून म्हटले जाते? आणि पद चालू असता नाटकाची गती पुढे जाते की थांबते? या तीन प्रश्नांची उत्तरे १८४३ पासून आजपर्यंत निदान पाच वेळा बदललेली आहेत. तेव्हा परंपरा एक नसून अनेक आहेत, आणि त्यांपैकी कोणती स्वीकारली यावर पदाचा नाट्यार्थ अवलंबून राहतो, हे येथे दाखवावयाचे आहे.

२

गाणारा आणि अभिनय करणारा एकच असावा, हा नियम भारतीय रंगभूमीवर मूळचा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रावेशिकी, नैष्क्रामिकी, आक्षेपिकी, प्रासादिकी आणि अंतरा अशा पाच ध्रुवा सांगितल्या आहेत. पात्राचा प्रवेश, त्याचे निष्क्रमण, रसाचा पालट अशा प्रसंगांना अनुसरून त्यांची योजना असे. त्या म्हणावयाच्या त्या वादकवृंदाबरोबर बसलेल्या गायकांनी. पात्राने गावे असा त्यामागील हेतू नव्हता. गीताने प्रसंगाला वातावरण द्यावे, एवढेच अपेक्षित होते.

मराठी प्रदेशात मात्र याच्या उलट असलेली एक रीत फार पूर्वीपासून रूढ होती, आणि तिचे मूलस्थान मराठवाड्यात आहे. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे पन्नास किलोमीटरांवरील पैठण येथे एकनाथांनी (१५३३-१५९९) रचलेल्या भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी अशी सोंगे येतात. भारुड म्हणणारा ते सोंग घेऊनच गातो. गीत प्रथमपुरुषी असते, झिलकरी त्याचे पालुपद उचलतात, आणि गाणाऱ्याचे तोंड सदैव समोरच्या समुदायाकडे असते. येथे गाणारा व सोंग एक आहेत. मात्र गीताचा रोख दुसऱ्या पात्राकडे नसून श्रोत्यांकडे आहे. छत्रपती संभाजीनगरातील नाट्यगृहाला संत एकनाथांचे नाव आहे. ते केवळ आदरापोटी दिले गेले असले, तरी नाट्यपदाच्या इतिहासाच्या दृष्टीने ते यथार्थ ठरते.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगली संस्थानात 'सीतास्वयंवर' हा खेळ केला. त्यात कथाभागाची पदे सूत्रधार म्हणे, पात्रे त्याबरहुकूम आविर्भाव करीत आणि मग आपली भाषणे समयस्फूर्तीने बोलत. म्हणजे भाव्यांच्या खेळांत आवाज एकाचा आणि देह दुसऱ्याचा, अशी वाटणी होती. पद हे निवेदन होते. ते पात्राच्या मुखातून आलेले भाषण नव्हते. पद चालू असता कथा पुढे सरके, पण पात्राचे मन उघडे होत नसे.

३

ही वाटणी मोडली ती अण्णासाहेब किर्लोस्करांनी. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुणे येथील आनंदोद्भव नाट्यगृहात 'संगीत शाकुंतला'च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. त्यात सूत्रधार प्रस्तावना आटोपून निघून गेला आणि पुढील सर्व पदे पात्रांनी स्वतः म्हटली. मोरोबा वाघोलीकर व बाळकोबा नाटेकर यांच्यासारखे गाणारे नट हाती असल्यामुळेच हे शक्य झाले. १८८२ साली 'सौभद्र' आले, आणि त्याच सुमारास मंडळीत दाखल झालेल्या भाऊराव कोल्हटकरांनी स्त्री-भूमिकांच्या गायनाला अपूर्व लोकप्रियता मिळवून दिली.

किर्लोस्करांच्या नाटकांतील पदांची संख्या आजच्या वाचकाला अचंबित करते. 'शाकुंतला'त सुमारे दोनशे पदे आहेत, 'सौभद्रा'त शंभराहून अधिक. या संख्येवरून प्रयोग कंटाळवाणा असावा असा तर्क केला जातो, परंतु तो चुकीचा आहे. यांतील बरीचशी पदे साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत अशा छंदांत आहेत. त्यांच्या चाली कीर्तनाच्या व नित्य पठणाच्या परिचयातल्या होत्या. अशी रचना दोन-चार ओळींत संपते, तिला तानांचा विस्तार लागत नाही, आणि गद्य भाषणातून पदात व पदातून पुन्हा गद्यात नट सहज ये-जा करू शकतो. किर्लोस्करी प्रयोगात पद हे भाषणाचेच उंचावलेले रूप होते. पद आले म्हणून नाटक थांबत नसे. प्रश्न पदात विचारला जाई आणि त्याचे उत्तरही पदात मिळे.

उदाहरणार्थ, 'सौभद्रा'तील कृष्ण-रुक्मिणीच्या प्रणयकलहाचा प्रवेश घ्यावा. तेथे कृष्णाची पदे ही रुसलेल्या पत्नीची मनधरणी आहे. पदाला ऐकणारी व्यक्ती रंगपीठावरच उभी आहे, आणि ती प्रसन्न होते की नाही यावर प्रवेशाची गती अवलंबून आहे. संहितेच्या दृष्टीने या पदाचा श्रोता प्रेक्षक नव्हे, रुक्मिणी होय. हे उदाहरण पुढील विवेचनातही उपयोगी पडणार असल्याने ध्यानात ठेवावे.

अर्थात प्रत्यक्ष प्रयोगात नटाला प्रेक्षकांकडे पाठ किंवा बाजू करून गाणे परवडत नसे. ध्वनिवर्धक नव्हते, उजेड दिव्यांचा होता, आणि मागे चित्रित पडदा सोडलेला असे. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जावा व चेहरा दिसावा यासाठी पुढे येणे भागच होते. सोयीसाठी स्वीकारलेली ही जागा पुढे शैली बनली.

४

या शैलीला पूर्ण रूप आले ते विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. गोविंद बल्लाळ देवलांच्या 'शारदे'त (१८९९) पद अजून बोलीच्या जवळ होते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'वीरतनया'पासून (१८९६) पारशी रंगभूमीवरील नव्या चाली आणल्या आणि चालीला स्वतंत्र आकर्षण प्राप्त झाले. निर्णायक वळण मात्र कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमाना'ने घेतले. या नाटकाचा पहिला प्रयोग मुंबईत १२ मार्च १९११ रोजी झाला. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या, आणि त्यांत पूर्वेकडील ठुमरी, दादरा, कजरी यांचा रंग होता. १९१६ सालच्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशींचा आधार घेतला. चाल देणारा हा आता नाटककाराहून निराळा, संगीतातला अधिकारी पुरुष झाला.

ख्याल-ठुमरीच्या अंगाची चाल दोन ओळींत संपत नाही. तिला आलाप, बोलअंग, तान आणि पुन्हा मुखड्यावर येणे हवे असते. साहजिकच पदांची संख्या घटली आणि प्रत्येक पदाचा काळ वाढला. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीने साथीच्या वाद्यांतही पालट केला. ऑर्गनचा भरदार, अखंड स्वर आणि त्याच्या जोडीला सारंगी अशी साथ रूढ झाली. कादरबक्षांची सारंगी आणि पुढे अहमदजान थिरकवांचा तबला लाभलेल्या या साथीला मैफलीची प्रतिष्ठा आली. साथीदार हे श्रवणाचे एक स्वतंत्र केंद्र ठरले.

आता वर मांडलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे तपासावीत. पद पात्रच म्हणत होते. पण ते कोणाला उद्देशून? पदाचा पहिला चरण समोरच्या पात्राला, आणि त्यानंतरचा विस्तार प्रेक्षागृहाला. नाटकाची गती पहिल्या चरणानंतर थांबे. 'वन्स मोअर'चा घोष झाला की तेच पद पुन्हा आणि क्वचित पुन्हापुन्हा होई. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत लांबे. कृष्णाने मनधरणी करावी, रुक्मिणीचा राग मावळावा, आणि प्रेक्षकांच्या आग्रहाखातर तिने तत्क्षणी पुन्हा रागावून उभे राहावे, असा हा व्यवहार होता. त्या काळच्या प्रेक्षकाला त्यात विसंगती वाटत नसे. तो कथेचा धागा मनात बाजूला ठेवून स्वरांचा आस्वाद घेई आणि पुन्हा कथेत येई.

या पद्धतीला केवळ दोष देणे अन्यायाचे होईल. बालगंधर्वांचे वैशिष्ट्य असे मानले जाते की, विस्तार करतानाही त्यांनी शब्दाचा भाव सुटू दिला नाही. 'एकच प्याला'तील (१९१९) सिंधूची पदे याचे उत्तम उदाहरण होत. राम गणेश गडकरी नाटक रंगभूमीवर येण्यापूर्वीच निवर्तले, आणि पदे वि. सी. गुर्जरांनी रचली. म्हणजे गद्य एकाचे आणि पदे दुसऱ्याची, असे असूनही ती भूमिकेत मिसळून गेली, ती मुख्यतः गायक नटाच्या सामर्थ्यामुळे. परंतु नटाच्या सामर्थ्याने जे साधते ते पद्धतीने साधतेच असे नाही. मर्यादित कुवतीच्या अनुकारकांच्या हाती विस्तार राहिला आणि भाव गेला.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला 'संयुक्त मानापमाना'चा प्रयोग हा या युगाचा कळस म्हणावा लागेल. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. तेथे कथानक सर्वांना पाठ होते. उत्कंठा होती ती दोन गायनपद्धती एकाच रंगपीठावर समोरासमोर येण्याची.

५

याच काळात रंगभूमीबाहेरचे एक यंत्र नाट्यपदावर परिणाम घडवीत होते. ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस सुमारे तीन ते साडेतीन मिनिटांचे गायन मावे. रंगभूमीवर लांबत जाणारे पद तबकडीसाठी आवरते घ्यावे लागे. त्यातून आलाप निवडक झाले, तानांच्या जागा ठरल्या आणि प्रवेशातील गद्याचा संदर्भ पूर्णपणे गळाला. तबकडीवरील पदाला समोरचे पात्र नसते. ऐकणारा हाच त्याचा एकमेव श्रोता.

पुढील पिढ्यांतील गायकांनी ही पदे ऐकली ती प्रामुख्याने तबकडीवर, आणि तबकडीवरची जागा न् जागा त्यांनी कंठस्थ केली. जे रूप यंत्राच्या मर्यादेमुळे सिद्ध झाले होते, ते 'मूळ' रूप म्हणून पुन्हा रंगभूमीवर आले. आज ज्याला परंपरागत गायकी म्हणून ओळखले जाते, तिचा काही भाग रंगपीठावरून तबकडीवर गेलेला नसून तबकडीवरून रंगपीठावर आलेला आहे. ही गोष्ट संशोधकाने नजरेआड करू नये.

६

१९३१ साली भारतीय चित्रपट बोलू लागला आणि १९३२ साली 'अयोध्येचा राजा'ने मराठी बोलपट आणला. रात्रभर चालणाऱ्या नाटकाची स्पर्धा आता दोन-अडीच तासांच्या खेळाशी सुरू झाली. १ जुलै १९३३ रोजी 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले. ब्यर्न्सन या नॉर्वेजियन नाटककाराच्या कृतीवर श्री. वि. वर्तकांनी ते आधारले होते. चित्रित पडद्याऐवजी भिंती-दारांची खोली उभी राहिली, स्त्री-भूमिका स्त्रीने केली आणि पदे मोजकीच ठेवली गेली. केशवराव भोळे यांनी दिलेल्या आणि ज्योत्स्ना भोळे यांनी गायिलेल्या त्या गीतांचे वळण भावगीताचे होते.

येथे पदाचे स्थान मुळातच पालटले. खोलीच्या चार भिंतींत, रोजच्या पोशाखात वावरणारे पात्र पुढे येऊन तान घेऊ शकत नाही. ते गाते तर त्याला गाण्याचे कारण हवे : एकांत, आठवण किंवा कोणी केलेला आग्रह. मो. ग. रांगणेकरांच्या 'नाट्यनिकेतना'ने 'कुलवधू'त (१९४२) हीच दिशा पुढे नेली, आणि मास्तर कृष्णरावांसारख्या गंधर्व मंडळीच्या परंपरेत मुरलेल्या संगीतकारानेही तेथे आटोपशीर रचना केल्या. हिराबाई बडोदेकरांनी १९२९ च्या सुमारास स्त्री-कलावंतांसह जुन्या संगीत नाटकांचे प्रयोग सुरू केले, तेव्हाही एक सूक्ष्म बदल झाला होता. पुरुष नटाने घडविलेली स्त्री-भूमिकेची गायनमुद्रा आता स्त्रीच्या नैसर्गिक आवाजात उमटू लागली.

७

साठीच्या दशकात संगीत नाटकाचे पुनरुज्जीवन झाले असे म्हणतात. ते जुन्या पद्धतीचे पुनरुज्जीवन मात्र सर्वांशाने नव्हते. विद्याधर गोखले यांच्या 'पंडितराज जगन्नाथ' (१९६०) या नाटकाने पदाचा भारदस्तपणा परत आणला. वसंत कानेटकरांच्या 'मत्स्यगंधे'त (१९६४) जितेंद्र अभिषेकी यांनी रागाचा आधार कायम ठेवून पदाचा काळ आखूड केला. भाव पूर्ण झाला की पद संपावे, हे तत्त्व त्यांनी अंगीकारले.

पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या 'कट्यार काळजात घुसली' या नाटकाने आरंभीच्या दुसऱ्या प्रश्नाला एक चतुर उत्तर दिले. त्याचा पहिला प्रयोग डिसेंबर १९६७ मध्ये झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये बालगंधर्वांचे निधन झाले होते. या नाटकातील प्रमुख पात्रे स्वतःच गवई आहेत. खाँसाहेब, पंडितजी आणि सदाशिव हे गातात ते गाणे हा त्यांचा व्यवसाय, अभिमान आणि वैराचा विषय असल्यामुळे. वसंतराव देशपांडे यांचा खाँसाहेब तान घेई तेव्हा नाटक थांबत नसे, कारण ती तान हीच घटना होती. विस्तार आणि कथानक यांचा पन्नास वर्षांचा तंटा येथे मिटला. मात्र तो नायक गवई असलेल्या नाटकापुरताच, हेही मान्य केले पाहिजे.

दुसरे उत्तर १९७२ साली 'घाशीराम कोतवाल' या विजय तेंडुलकरांच्या नाटकात मिळाले. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन आणि भास्कर चंदावरकर यांचे संगीत असलेल्या या प्रयोगात गाणारा समूह हाच हलता पडदा होता. कीर्तन, अभंग, लावणी यांचे तुकडे तो गाई, कथा सांगे आणि प्रसंगी सत्य झाकून टाकी. गीताचे निवेदक म्हणून असलेले भाव्यांच्या काळचे कार्य आणि श्रोत्यांकडे थेट असलेला भारुडाचा रोख, ही दोन्ही येथे नव्या अर्थाने परत आली.

८

आज जुने नाट्यपद तीन ठिकाणी भेटते. पहिले ठिकाण नाट्यसंगीताच्या मैफलीचे. तेथे नाटक नसते, फक्त पद असते. दुसरे ठिकाण चित्रपटाचे. २०१५ साली आलेल्या 'कट्यार'च्या चित्रपटात खाँसाहेबांची भूमिका सचिन पिळगांवकर यांची आणि त्यांचे गायन राहुल देशपांडे यांचे आहे. २०२५ च्या जानेवारीत 'संगीत मानापमान'ही पडद्यावर आले. पार्श्वगायनामुळे आवाज एकाचा व देह दुसऱ्याचा ही १८४३ ची वाटणी १७० वर्षांहून अधिक काळाने पुन्हा सिद्ध झाली. फरक इतकाच की, भाव्यांचा सूत्रधार प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर उभा असे, तर पार्श्वगायक अदृश्य असतो.

तिसरे ठिकाण खुद्द रंगभूमीचे, आणि तेथील साधन बदललेले आहे. अंगावर लावलेल्या लहानशा ध्वनिक्षेपकामुळे नटाला आता आवाज पोहोचविण्यासाठी पुढे येण्याची गरज राहिलेली नाही. तो बसून, वळून, समोरच्या पात्राच्या कानाशी देखील गाऊ शकतो. किर्लोस्करी पदाचा जो रोख संहितेत होता पण नाट्यगृहाच्या मर्यादेमुळे पूर्णपणे साधत नव्हता, तो आज प्रथमच सहजसाध्य झाला आहे. असे असूनही 'सौभद्रा'च्या पुनःप्रयोगांत कृष्ण अनेकदा रुक्मिणीला सोडून पुढे येतो आणि प्रेक्षकांची मनधरणी करतो. कारण नाहीसे झाले, सवय मात्र उरली.

९

या विवेचनातून प्रयोगकर्त्यासाठी व अभ्यासकासाठी काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, जुन्या संगीत नाटकाचा प्रयोग बसविताना त्यातील प्रत्येक पद कोणत्या पद्धतीचे आहे, याचा निर्णय आधी झाला पाहिजे. साकी-दिंडी ही भाषणाप्रमाणे चालवावी, तिला तानांचे ओझे देऊ नये. ख्याल-ठुमरीच्या अंगाचे पद विस्तारासह ठेवावयाचे तर नाटक तेथे थांबते हे मान्य करून त्या थांबण्याची रंगपीठावर उघड व्यवस्था करावी. दुसरे पात्र त्या वेळी काय करील, हे नटावर सोपवून देऊ नये.

दुसरा निष्कर्ष संपादनाविषयी आहे. प्रयोग आटोपशीर करण्यासाठी पदे गाळली जातात, तेव्हा लोकप्रिय पदे ठेवावीत आणि अप्रसिद्ध पदे गाळावीत हाच निकष बहुधा लावला जातो. याचा परिणाम विपरीत होतो. अप्रसिद्ध पदांतच पुष्कळदा कथानकाचे दुवे असतात. ते तुटले की उरलेली पदे मैफलीसारखी सुटी पडतात, आणि मग संगीत नाटकात नाट्य नसतेच असा आक्षेप घेण्यास प्रेक्षक मोकळा होतो. वस्तुतः तो दोष नाटककाराचा नसून कात्रीचा असतो.

तिसरा निष्कर्ष संशोधनाचा. चालींची स्वरलिपी आणि ध्वनिमुद्रिका यांचे जतन अनेकांनी केले आहे. परंतु पद म्हणताना पात्र कोठे उभे होते, कोणाकडे पाहत होते, पदाला किती वेळ लागला आणि कोठे कडवे गाळले, याची नोंद क्वचितच आढळते. ज्या विद्यापीठांत नाट्यशास्त्राचे अध्यापन होते, त्यांनी प्रयोगप्रतीच्या समासात ही चार टिपणे करण्याचा प्रघात पाडला, तर पुढील अभ्यासकाला केवळ स्मरणरंजनावर विसंबून राहावे लागणार नाही.

नाट्यपद टिकले आहे यात शंका नाही. ते मैफलीत टिकले, तबकडीवर टिकले, चित्रपटातही टिकले. प्रश्न आहे तो त्यातील 'नाट्य' टिकण्याचा. रुक्मिणी रंगपीठावर उभी असता पद तिला ऐकविले जाते की नाही, एवढ्यावर त्याचे उत्तर अवलंबून आहे.